लेसन-वर्ग चांगला आहे, फॉर्मवरची नववी अट सोडून

दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर शाळेनंतरचा वर्ग चालतो, त्याबद्दल लिहितेय. वर्गाचं नाव मुद्दामच देत नाही. ताईंशी माझं चांगलं आहे आणि ते तसंच राहावं अशी इच्छा आहे. शिवाय ज्या एका गोष्टीवर मी लांबण लावणार आहे ती त्यांच्या एकट्यांकडे नाही. रावपुरा म्हणा, कारेलीबाग म्हणा, जिथून जिथून फॉर्म आणून वाचले तिथे थोड्याफार फरकाने तीच ओळ सापडली. तेव्हा बडोद्यात कुठल्याही वर्गाला मुलं घालणार असाल तर पुढचं वाचून ठेवा.

आधी वर्गाचं. मुलगा मकरपुरा जीआयडीसीत, सून हालोलकडे कंपनीत. सातच्या आत दोघंही घरात दिसत नाहीत. नात पाचवीत, नातू दुसरीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्लीत गुजराती, घरात मराठी आणि कार्टून हिंदीत. असल्या पोरांचं लेसन घेणं माझ्या आवाक्यातलं नाही. (बडोद्याबाहेरच्यांसाठी: गृहपाठाला आम्ही लेसनच म्हणतो.) आजकालची वजाबाकीसुद्धा मला कळत नाही, चौकोन काढून करतात.

वेळ शाळा सुटल्यापासून साडेसहापर्यंत. महिन्याचे १८०० रुपये, नाश्ता धरून. दुसऱ्या भावंडाचे १५००. नाश्ता खराखुरा असतो, बिस्किटाचा पुडा फोडून समोर सरकवला असा नाही. ठेपले, उपमा, मुरमुऱ्यांचा चिवडा आणि शनिवारी सेव-उसळ. पोरांसाठी रस्सा बिनतिखटाचा, आणि ज्यांना हवी त्यांना तरी, म्हणजे वरचा तिखट कट, वेगळ्या वाटीत. आमची नात वाटीभर तरी ओतून घेते आणि घरी येऊन पाणी पाणी करते, तो भाग वेगळा. स्वयंपाकघराचं खातं एका गुजराती बेनकडे आहे. त्यांच्याविषयी पुढे सांगते, कारण माझ्या मते या वर्गातल्या सर्वांत चांगल्या शिक्षिका त्याच आहेत.

ताई गणिताच्या. पाढे टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणवून घेतात, एक ओळ खिडकीकडच्या मुलांनी, पुढची दाराकडच्यांनी. जो गट चुकेल त्याने पहिल्यापासून. नातू 'सात सक' आलं की गप्प व्हायचा. आता जिना उतरताना पायरीगणिक म्हणत येतो. शुक्रवारी मराठी वाचन असतं. चाकातला च आणि चहातला च वेगळा, हे इथे वाढणाऱ्या मुलांना कोणी सांगत नाही. ताई सांगतात, आरशासमोर उभं करून म्हणवून घेतात. यासाठी मी त्यांना कुठेही पूर्ण मार्क देईन.

उणी बाजू: जिना अंधारा आणि उभा, दोरी धरून चढावं लागतं. गाडी लावायला जागा नाही. पावसाळ्यात गल्लीत घोट्यापर्यंत पाणी. एवढं चालतं.

न चालणारी गोष्ट फॉर्मवर आहे. फॉर्म पाठपोट. पुढच्या बाजूला नाव, रक्तगट, काय खाल्लेलं सोसत नाही, आणि न्यायला कोण येणार त्याचा फोटो. ही काळजी मला आवडली. मागच्या बाजूला बारीक टायपात 'नियम व अटी'. त्यातली नववी अशी:

'विद्यार्थ्याच्या हितासाठी आवश्यक वाटल्यास सद्हेतूने सौम्य शारीरिक शिक्षा करण्यास पालक या नात्याने माझी संमती आहे व त्याबाबत मी पुढे कोणतीही तक्रार करणार नाही.'

मी बडोद्याच्या कोर्टातून बेंच क्लार्क म्हणून निवृत्त झाले. बरीचशी नोकरी जुन्या न्यायमंदिरात, शेवटची दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत. वकील नव्हते, पण उभी नोकरी साहेबांच्या खुर्चीखाली बसून कलमं ऐकण्यात गेली की त्यांचा सूर कानात बसतो. 'हितासाठी', 'सद्हेतूने', 'पालकाची संमती' ही ओळीने आलेली तीन पदं गणिताच्या बाईंना आपणहून सुचत नाहीत. ही १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ८९ ची नक्कल आहे, कुणीतरी जाणत्याने करून दिलेली.

ते कलम साध्या मराठीत असं: बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, सद्हेतूने, पालकाने किंवा पालकाच्या संमतीने दुसऱ्या कोणी काही केलं आणि त्यातून मुलाला इजा झाली, तर तो गुन्हा नाही. जीव घेणं, जबर दुखापत करणं यांना त्यात मर्यादा घातलेल्या आहेत. साधी दुखापत मात्र आरामात आत बसते. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली आणि ८९ चं २७ झालं. वकिलांनी नवे आकडे पाठ केले. आतलं सामान तेच.

आता या कलमाखाली कायदा करणाऱ्यांनी स्वतःच एक दाखला देऊन ठेवला होता, तो बघा. छडीचा नाही, मुतखड्याचा. बाप मुलाच्या भल्यासाठी डॉक्टरकडून त्याचा मुतखडा कापून काढवतो. त्यात जिवाला धोका आहे हे त्याला ठाऊक असतं, पण हेतू मुलाला बरं करण्याचा. म्हणून बाप गुन्हेगार नाही. मूल स्वतः संमती देऊ शकत नाही, तेवढ्यासाठी डॉक्टरचा हात अडू नये म्हणून केलेली ही सोय. या सोयीच्या आडोशाला मास्तर कधी जाऊन बसले कोण जाणे, पण बसले. मास्तरांवरच्या खटल्यांत हा आडोसा कोर्टांनीही वेळोवेळी मान्य केलेला आहे. मुतखडा काढणारा डॉक्टर आणि पाढा चुकला म्हणून तळहातावर फूटपट्टी मारणारी बाई कायद्याने एका बाकावर.

त्याच १८६० साली इंग्लंडात ईस्टबोर्नच्या एका प्रकरणाचा खटला झाला. हॉप्ली नावाचा मास्तर, त्याच्याकडे राहायला असलेला पंधरा वर्षांचा मुलगा. मुलाला गणित येईना. मास्तराने त्याच्या वडिलांना पत्र लिहून मारण्याची परवानगी मागितली, वडिलांनी ती लेखी दिली. मग एका रात्री काठीने आणि दोरीउडीच्या दोरीने एवढं मारलं की मुलगा मेला. मास्तराला सदोष मनुष्यवधासाठी चार वर्षं झाली. पण सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी त्या खटल्यात जे तत्त्व सांगितलं तेच पुढे जगभर फिरलं: आई-बाप, आणि त्यांनी अधिकार सोपवला असेल तर मास्तर, 'माफक आणि वाजवी' शिक्षा करू शकतात. मूल मेलं, आणि त्याच्या खटल्यातून मारणाऱ्यांची सोय झाली. नववी अट वाचल्यावर मला तो बाप आठवला. त्यानेही भल्यासाठीच सही केली असणार.

मी ती ओळ खोडली. कोर्टात शिकलेल्या पद्धतीनेच: एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही आणि तारीख. ताईंनी फॉर्म उलटून पाहिला.

"काकू, हे का खोडलं? सगळेच सही करतात. कोणी वाचतसुद्धा नाही."

"म्हणून तर खोडलं."

"अहो, मी मारते का? फूटपट्टी नुसती टेबलावर असते. दिसली तरी पुरते."

ती फूटपट्टी मी नीट पाहिलीय. लाकडी, एका बाजूचे आकडे पुसलेले, आणि मधोमध निळी चिकटपट्टी गुंडाळलेली, कारण तिथे तडा गेलाय. समास आखून फूटपट्टीला तडा जात नाही. मी काही बोलले नाही.

मात्र ताई सांगतात ते बरंचसं खरंही आहे. आमची मुलं जायला लागल्यापासून त्यांनी कोणाला हाणल्याचं कानावर आलेलं नाही. त्यांची आवडती शिक्षा म्हणजे अंगठे पकडायला लावणं, आपल्या गुजरातच्या शाळांतली जुनी खोड. मागे एकदा मी न्यायला लवकर गेले तर चौथीतला एक मुलगा भिंतीकडे तोंड करून अंगठे धरून वाकलेला होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून खोडरबर पडलं, मग दोन रुपयांचं नाणं, ते गडगडत झोपाळ्याखाली गेलं. पोरं हसली. तो उचलायला वळला तेव्हा ताई म्हणाल्या, "कुणी सांगितलं उठायला?" त्याचं तोंड लालबुंद झालेलं, रक्त उतरून की लाजेने ते सांगता येणार नाही. आमचा नातू खाली मान घालून रेघा ओढत होता. त्याने काही केलेलं नव्हतं, तरी त्याचे कान लाल. याला नववी अट 'सौम्य' म्हणते. चिमटा नाही, वळ नाही, दाखवायला काहीच नाही.

त्या संध्याकाळी दारात त्या मुलाची आई भेटली. मला वाटलं ती चिडेल. ती ताईंना म्हणाली, "चांगलं केलंत. घरी तर ऐकतच नाही. अजून दोन ठेवून द्यायच्या." तिच्या मागे उभे असलेले एक भाई हसून म्हणाले, "चामडी तुमची, हाडं आमची." ताई कसनुसं हसल्या. तेव्हा लक्षात आलं, की ही अट ताईंना जेवढी हवी आहे त्याहून जास्त ती पायऱ्यांवर चपला काढणाऱ्यांना हवी आहे. जो वर्ग मारत नाही तिथे शिस्त नाही, असं इथे मानतात, आणि शिस्त नाही असं कळलं की पोरं काढून घेतात. १८०० रुपये गुणिले तीस-पस्तीस पोरं. ताईंचं घर त्यावर चालतं.

लोक विचारतात, शाळेत मारायला बंदी आहेच ना, मग आता कशाला कलमं काढता? आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याचं कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. त्याआधी २००० साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांच्या नियमावलीतली छडीची तरतूद रद्द केली होती. पण कलम १७ शाळेपुरतं, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरतं. वाड्याच्या पहिल्या मजल्यावरचा लेसन-वर्ग ही त्या कायद्याने शाळा नाही. सकाळी शाळेत जी गोष्ट मना आहे, ती दुपारी त्याच पोराला रिक्षाने पाच मिनिटांवर करता येते. पाटी बदलली की झालं.

बाल न्यायाचा २०१५ चा कायदा आहे. त्यात शारीरिक शिक्षेची व्याख्या छान दिलीय: शिस्त लावण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी मुलाला जाणूनबुजून वेदना देणं. पण ती व्याख्या जिथे कामाला येते ते कलम ८२ बालगृहांसारख्या संस्थांसाठी, पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड. बाकी सगळ्यांसाठी कलम ७५, क्रूरतेचं. ज्याच्या ताब्यात मूल आहे अशा कोणालाही लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. ऐकायला दणदणीत. पण त्यातही त्रास 'अनावश्यक' असला पाहिजे. आणि आवश्यक-अनावश्यक ठरवायला बसलं, की बचावाचा वकील पुन्हा तो मुतखड्याचा कागद काढतो: हितासाठी होतं साहेब, सद्हेतूने होतं, ही बघा पालकाची सही. म्हणजे बालगृहातल्या मुलाला स्वतःचं कलम आहे, शाळेतल्याला आहे, आणि ज्याला आई-बाप आहेत त्याच्या वाट्याला आई-बापाची सही.

माझी भाची वेल्समध्ये कार्डिफला असते, चुलत बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला. बडोद्यात कोणाचे नातेवाईक तिकडे नाहीत! २१ मार्च २०२२ पासून वेल्सने 'वाजवी शिक्षे'चा बचाव काढून टाकला. स्कॉटलंडने २०२० मध्येच काढला होता. इंग्लंडने तो अजून पूर्ण सोडलेला नाही. २००४ च्या त्यांच्या कायद्याने फक्त आखूड केला. त्यामुळे माझी चुलत बहीण नातवाला घेऊन भाचीकडे गेली की गाडीत बसल्या बसल्या कायदा बदलतो. भाची फोनवर म्हणाली, "मावशी, बाहेरून आलेल्यांनाही लागू आहे, तू आलीस तरी." मी म्हटलं, माझा काही संबंध नाही, तुझ्या आईला सांग. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. लाटण्याने शिकवायची.

भाचीला विचारलं, मग किती आया तुरुंगात गेल्या? ती हसली. तिकडे काय, इकडे काय, पहिली भीती तीच असते. स्वीडनने १९७९ मध्ये जगात सर्वांत आधी घरातलाही मार बंद केला, तेव्हा ती ओळ त्यांनी पालकांच्या कायद्यात घातली आणि तिला वेगळी शिक्षाच जोडली नाही. उलट दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघरी पोहोचवली. आज साठाहून जास्त देशांत घरात, शाळेत, सगळीकडे बंदी आहे, आणि त्यात शेजारचा नेपाळ २०१८ पासून आहे. आपण १९९२ साली बालहक्कांच्या करारात सामील झालो, आणि कलम मात्र १८६० चं.

बरं, कलम २७ मधून मार काढला तर रस्त्यावर धावत सुटलेल्या पोराला दंडाला धरून मागे ओढणारी आई अडकेल का? नाही. ती शिक्षा नाहीच. आणि अगदीच क्षुल्लक इजेसाठी न्याय संहितेत कलम ३३ स्वतंत्र आहे, जुनं ९५. ज्या किरकोळ गोष्टीची कोणी शहाणा माणूस तक्रार करणार नाही तिला ते आधीच बाहेर ठेवतं. डॉक्टरची सोयही राहू दे. फक्त कलम २७ खाली एक स्पष्टीकरण जोडा, की मुलाला शिक्षा म्हणून दिलेली वेदना हे त्याचं 'हित' समजलं जाणार नाही. एक वाक्य. एवढं झालं की नवव्या अटीखालची जमीनच जाते. मग ती कोणी छापली काय, खोडली काय.

"आम्ही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?" हे मला जिन्यातच ऐकवलं गेलं. माझा धाकटा भाऊ भूमितीच्या सरांच्या भीतीने तास चुकवून कमाटीबागेत जायचा. माकडांचे पिंजरे, टॉय ट्रेन, नदीवरचा पूल. त्याला भूमिती आजही येत नाही. बागेतलं प्रत्येक झाड मात्र ओळखतो.

आणि "पोर माझं, मी बघीन" याला तर या गावात मुळीच जागा नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याआधी १८९३ पासून अमरेलीत करून पाहिलं होतं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड व्हायचा. १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. तेव्हाचे बापही म्हणालेच असतील की पोर आमचं, शेतात पाठवू नाही तर लग्न लावू, सरकारचा काय संबंध. महाराजांनी संबंध आहे म्हणून सांगितलं. महाराजांच्या घराण्याचं स्मारक असलेल्या कीर्तिमंदिरावरून रोज ये-जा करायची आणि पोराच्या पाठीवर मात्र आपला सातबारा मागायचा, हे मला पटत नाही.

आता त्या बेन. नाश्त्याच्या वेळी तीसेक भुकेली पोरं एका खोलीत, आणि ह्यांच्या हातात ना फूटपट्टी ना अधिकार. स्वयंपाकाच्या बाईंनी मारलं तर हेच पालक भांडायला येतील. त्यामुळे त्यांना दुसरा मार्ग शोधावा लागलाय. गोंधळ झाला की त्या वाढणं थांबवतात आणि हळू आवाजात, जवळच्या दोघा-तिघांनाच ऐकू येईल अशी, गावाकडच्या म्हशीची काहीतरी हकीगत सुरू करतात. मागची पोरं "शुं थयुं, शुं थयुं" करत गप्प होतात. जो सर्वांत जास्त दंगा करतो त्याला पाण्याचा जग देऊन वाढायला उभं करतात. ते अंगठे पकडलेलं चौथीतलं पोर त्यांच्याकडे पाणीवाला आहे, आणि एक थेंब सांडत नाही. ताईंना मी म्हटलं, तुम्ही जरा आत जाऊन बघा. त्या म्हणाल्या, "काकू, त्यांना पाढे नाही ना घ्यायचे." तेही खोटं नाही. पण ताई आतल्या दारात उभ्या राहून बघताना मला दिसल्या आहेत.

पुढची गंमत नातवाने केली. त्याने वर्गात जाहीर करून टाकलं की आमच्या आजीने नववं कलम खोडलंय, आम्हाला मारता येत नाही. झालं. पोरं घरी जाऊन आई-बापांच्या मागे लागली, आमचंही खोडा. काहींना तोवर अशी अट आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी येऊन खोडली. एक जण मात्र जिन्यात मला म्हणाले, "काकी, तुमच्यामुळे पोरगं आता उलट बोलतं. परवा मला म्हणतो, पप्पा, तुम्ही सही केलीत?" मी विचारलं, मग काय सांगितलंत? ते काही न बोलता वर गेले.

ताईंनी त्यांच्या वकील भावाला विचारलं. तो म्हणाला राहू दे, उद्या काही झालं तर बचाव असतो. मी ताईंना म्हटलं, तुम्ही मारत नाही म्हणता, मग बचाव कशाचा? यावर त्या बराच वेळ टेबल आवरत बसल्या. शेवटी म्हणाल्या की फॉर्मचा एक गठ्ठा छापलेला आहे, तो संपला की नव्या छपाईत काढू. आता गठ्ठा कपाटावर आहे, मी पाहिलाय, बराच जाड आहे.

तर तारे. शिकवण्याला पाच. नाश्त्याला पाच, बेनसाठी एक वरून. जिन्याला दोन. फॉर्मला एक, तोही रक्तगट विचारतात म्हणून. एकूण साडेतीन. गठ्ठा संपून नवा फॉर्म आला की मी स्वतः येऊन इथे बदल करीन.

जाणार असाल तर प्रवेश एप्रिलपासून सुरू होतात आणि दुसरी-तिसरीच्या जागा लवकर भरतात. फॉर्म तिथल्या तिथे भरू नका, घरी आणा. पान उलटा. नववी अट आडव्या एका रेघेने खोडा, शेजारी सही आणि तारीख घाला, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. ताई परत पाठवत नाहीत, मी विचारून घेतलंय. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावा. आत नेलीत तर वळवता येत नाही.